एकही फट नसलेला दूध संघ

एका तालुक्याच्या दूध संघात केरबा नावाचा एक भोळा कारकून होता. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. अडचण तेवढीच होती.

संघानं एक यंत्र घेतलं. ते रोज सकाळी आपणहून संघाचे सगळे कॉम्प्युटर तपासायचं आणि बाहेरच्या चोराला कुठून शिरता येईल, त्या फटींची यादी छापायचं. फटी बुजवायचं काम केरबाकडं आलं. संघाचे व्यवस्थापक भोइटेसाहेब म्हणाले, "तीस तारखेला तपासणी समिती येणार. यादी कोरी निघाली तर तू नोकरीत कायम. नाहीतर घरी."

"जी साहेब."

पहिल्या यादीत आलं, की अकरा जणांचा पासवर्ड एक-दोन-तीन-चार आहे. साहेब म्हणाले, "सगळ्यांना अवघड पासवर्ड दे." केरबानं दिले. कुणी विसरू नये म्हणून नावांसकट फळ्यावरही लिहिले.

"अरे शहाण्या, असल्या गोष्टी ज्याच्या त्याच्या कानात सांगायच्या!"

केरबानं हे लक्षात ठेवलं.

दुसऱ्या यादीत शीतगृहाच्या कॉम्प्युटरला फट निघाली. तो सांभाळणारा बाबू मगदूम मेहुणीच्या लग्नाला गेला होता. केरबा एसटीनं गेला आणि मंगलाष्टकं चालू असताना त्याच्या कानात सांगून आला. दोन दिवस फट उघडीच.

"अरे, माणूस कसला शोधतोस? फट दिसली की त्या कॉम्प्युटरची वायर उपटायची!"

केरबानं हेही लक्षात ठेवलं.

तिसऱ्या यादीत दुधाचं वजन नोंदवणारा कॉम्प्युटर आला. केरबानं वायर उपटली. नेमकी दूध घ्यायची वेळ. किटल्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली. "संघ आज दूध घेणार का दही?" रांगेतल्या बायजाक्कांनी विचारलं. दुपारनंतर तो प्रश्न उरला नाही.

"अरे बैला, ज्याचं काम अडणार, त्याला आधी विचारावं की नाही?"

"विचारीन साहेब."

चौथ्या यादीत आलं, की कचेरीच्या कॉम्प्युटरला फट आहे आणि तिच्यातून कुणी अनोळखी माणूस रोज आत येतो. केरबानं विचार केला. फट बुजवली तर काम कुणाचं अडणार? त्या येणाऱ्या माणसाचंच. म्हणून केरबानं त्या कॉम्प्युटरवर पत्र लिहून ठेवलं: "आपली येण्याची फट बंद करण्याचे योजिले आहे. गैरसोय होणार असल्यास कळवावे. आपला नम्र, केरबा, कारकून."

सकाळी उत्तर होतं. "इतक्या अदबीनं मला आजवर कुणी विचारलेलं नाही. तुम्ही कशाला त्रास घेता? किल्ल्या, म्हणजे सगळे पासवर्ड, आणि फटींची यादी द्या, मीच बुजवतो."

केरबानं यादी फळ्यावर लावली नाही. किल्ल्यांसकट फक्त त्यालाच दिली.

माणूस कामाचा निघाला. आपण आत बसल्यावर दुसरा चोर येऊ नये, म्हणून त्यानं आठवड्यात झाडून सगळ्या फटी बुजवल्या. यंत्राला फटी दिसत. किल्लीनं आत आलेला माणूस दिसत नसे. तीस तारखेला यंत्रानं कोरा कागद बाहेर टाकला.

समितीच्या अध्यक्षांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "हे केलं कुणी?"

केरबा खोटं बोलत नसे. "बाहेरच्या एका गृहस्थांनी, साहेब. रोज येतात. पगार घेत नाहीत."

"रोज? फुकट?"

"रविवारीसुद्धा."

अध्यक्षांना गहिवरून आलं. त्यांनी बसल्या जागी ठराव केला. केरबाला कायम केलं, आणि जिल्ह्यातल्या उरलेल्या सहा संघांच्या किल्ल्या त्या गृहस्थांच्या हवाली केल्या. अनुमोदन भोइटेसाहेबांचं होतं.