चूक कोणाची, भूल कोणाची

मिरजेच्या छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या वायचळबाई वाचल्याशिवाय कशावरही सही करत नसत. धाकटी बहीण आतड्याच्या कॅन्सरनं गेली, तेव्हा आपली कोलोनोस्कोपी करून घ्यायचीच, असं त्यांनी ठरवलं.

डॉक्टर गुण्यांना मात्र प्रश्न विचारणारा पेशंट खपत नसे.

"पोट साफ करायचं औषध एकदम प्यायलं की उलटून पडतं. निम्मं संध्याकाळी, निम्मं पहाटे घेऊ का?" बाईंनी विचारलं. "आणि भुलीशिवाय तपासाल का? एकटी राहते, भूल घेतल्यावर घरी न्यायला कोणी नाही."

"बाई, इथं भूल आम्ही देतो, पेशंटनं ती घ्यायची! निवडायला ही काय साडी आहे? करा सही."

बाईंनी चष्मा लावला आणि संमतीचा फॉर्म पार खालपर्यंत वाचला. तळाशी बारीक अक्षरांत होतं, 'काही चूक झाल्यास दवाखाना जबाबदार नाही.'

"डॉक्टर, चूकभूल द्यावी घ्यावी, अशी आपली रीत. इथं भूलही मीच घ्यायची आणि चूकही मीच घ्यायची. मग तुम्ही निदान माझं ऐकून तरी घ्या!"

शेजारी उभ्या नर्सला हसू आवरेना. डॉक्टर खुर्ची ओढत म्हणाले, "बसा. औषध दोनदा घ्या. तपासणी भुलीशिवाय करू. सोसेनासं झालं तर हात वर करा, मी थांबेन."

"आणि ही तळाची ओळ?" असं म्हणत बाईंनी पर्समधलं लाल पेन त्यांच्यापुढे धरलं.