वाक्य संपेपर्यंत

एकदा एक परिचारिका इंग्रजीच्या परीक्षेत दोन वेळा अनुत्तीर्ण होऊन एका वृद्ध, निवृत्त शिक्षकांकडे आली. तिचे नाव रेखा वळवी. नवरा तीन वर्षांपासून परदेशी होता. तिथल्या रुग्णालयाने तिच्यासाठी जागा राखून ठेवली होती, पण ती या खेपेपुरतीच. फोनवर संसार चालवायला ती आता अगदी कंटाळली होती.

परीक्षेत वाक्ये ऐकून लिहायची असत आणि अडचण सारख्या उच्चाराच्या शब्दांची होती. 'वेट' कानी पडले की हे वजन की वाट पाहणे, 'वीक' म्हटले की आठवडा की अशक्त, या विचारात ती अडके आणि तोवर वाक्य पुढे निघून जाई.

"सर, अशा शब्दांची यादी द्या. मी पाठ करते," ती म्हणाली.

सरांनी यादी दिली नाही. तिच्या हातातले पेन काढून घेतले, एक वाक्य सावकाश वाचले आणि ते संपल्यावरच वहीत लिहायला पेन परत दिले. पुढच्या वाक्याला पुन्हा तेच. असे तीन आठवडे चालले. चाळिशीच्या बाईला हे अपमानास्पदच वाटणार. शेवटी ती बोललीच.

"परीक्षेत माझे पेन कोण काढून घेणार आहे, सर?"

"वॉर्डात डॉक्टर सांगू लागले की काय करता, सिस्टर?"

"पहिल्या शब्दापासून लिहून घेते. काही सुटायला नको."

"तिथे ते योग्यच. पण इथे तुम्ही एकट्या शब्दाला अर्थ विचारता. तो बिचारा काय सांगणार? त्याचा अर्थ मागून येणाऱ्या शब्दांकडे असतो आणि त्यांना तुम्ही येऊच देत नाही. जरा वही उघडून बघा."

तिने तीन आठवड्यांची पाने चाळली. असा एकही शब्द चुकला नव्हता. तिला इतके हलके वाटले की सरांसमोरच डोळे भरून आले.

ती उत्तीर्ण झाली. निकाल सांगायला तिने नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "आता लगेच निघू नकोस."

एरवी तिने तिथेच भांडण काढले असते. या वेळी ती गप्प राहिली.

"मला रजा मिळतेय," तो पुढे म्हणाला. "मीच न्यायला येतो तुला."

आपल्या माणसांचीही वाक्ये आपण पुरी होऊ द्यावीत.