शेजारचा विस्तव

फार पूर्वी, काशीच्या राजाची सत्ता हिमवंताच्या पायथ्यापर्यंत पोहोचली असताना, बोधिसत्त्व त्या राज्याच्या अगदी टोकाला, देवदारांच्या एका खोऱ्यात नंदक नावाचा साधा गृहस्थ होऊन राहत होता. तो ना मंत्री होता ना श्रेष्ठी. एक लाकडी घर, राजगिऱ्याचे लहानसे शेत, चौदा कोंबड्या, एक भांडखोर कोंबडा आणि सोमा नावाची पत्नी एवढाच त्याचा संसार होता.

ते खोरे ओसाड पडू नये म्हणून राजाने दवंडी पिटवली होती. जो कोणी तिथे घर बांधून तीन हिवाळे चूल विझू न देता काढील, त्याची ती जमीन. ज्याची चूल विझेल त्याने उठून जावे, आणि त्याची जमीन शेजाऱ्याची व्हावी. पहिल्या वर्षी हौसेने आलेले बहुतेक लोक पहिला बर्फ पडताच खाली पळाले. उरली दोनच घरे. ओढ्याच्या अलीकडे नंदकाचे, पलीकडे कुंडकाचे.

कुंडक मैदानातला माणूस. अंगाने धिप्पाड, मनाने उतावळा, आणि आपले चुकले हे कळले की समोरच्यावरच रागावणारा. त्याची बायको कोशा शांत होती. त्यांच्या जमिनीत एक झरा होता, तो ऐन थंडीतही गोठत नसे. नंदकाकडे तसले काही नव्हते. सोमेला हिवाळाभर बर्फ वितळवून पाणी करावे लागे, आणि हंडाभर बर्फाचे तांब्याभरच पाणी होते हे तिला पाठ झाले होते.

खोऱ्यात कुंडक दोन दिवस आधी पोहोचला होता. नंदक आला तेव्हा पावसाने सगळी लाकडे भिजली होती, म्हणून सोमा मडके घेऊन पलीकडे गेली आणि कुंडकाच्या चुलीतला विस्तव घेऊन आली. विस्तव मागायला आलेल्याला कोणी नाही म्हणत नाही, कुंडकानेही म्हटले नाही. त्या दिवसापासून नंदकाच्या घरी तोच विस्तव राखेखाली जपलेला होता.

पहिले दोन हिवाळे कुंडकाने खालून आणलेल्या धान्यावर काढले. नंदकाने मात्र पहिल्या दिवसापासून रान वाचायला सुरुवात केली. त्याचे ते काम पाहत राहावे असे होते. अंगाला लागला की आग होते अशा एका पाल्याची झुडपे ओढ्याकाठी माजत. इतर लोक त्यांना शिव्या देत, तो हाताला फडके गुंडाळून ती कापी आणि वाळवी. वाळला की त्या पाल्याची आग जाते, आणि कोंबड्यांना तो धान्याइतका मानवतो. ओकाची कडू फळे तो आठ दिवस वाहत्या पाण्यात ठेवी, मग त्यांचे पीठ करी. रानगुलाबाची लाल फळे, अक्रोड, अळंबीच्या माळा, करांदे, सगळ्याला घरात आपापली जागा होती. खारीचा साठा सापडला तर त्यातला निम्मा तो तिथेच ठेवी. खार त्याला काही मागत नव्हती, तरी ठेवी.

करांद्यांची एक रीत त्या डोंगरात होती. ज्याला वेल आधी सापडेल त्याने तिथे गवताची गाठ मारलेली काठी रोवावी, म्हणजे दुसरा हात लावत नाही. आणि खणताना कंदाचे वरचे टोक पुन्हा मातीत पुरावे, म्हणजे पुढच्या वर्षी वेल येते. तिसऱ्या वर्षीच्या शरदात धान्य संपलेला कुंडक रानात शिरला, नंदकाची काठी उपटून त्याने सगळी वेल खणली, आणि टोकेसुद्धा पाटीत भरून नेली. नंदकाने रिकामे खड्डे पाहिले. तो कुंडकाला एवढेच म्हणाला की टोके शिल्लक असतील तर अजून पुरता येतील. कुंडकाला शरम वाटली. त्या दिवसापासून त्याने बोलणे टाकले.

त्याच वर्षी कुंडकाने खालून अकरा कोंबड्या आणल्या होत्या. उन्हाळाभर त्यांनी भरपूर अंडी दिली. थंडी आली तशी त्याने खुराड्याची फट न् फट मातीने लिंपून टाकली. त्याला वाटले, ऊब राहील. पण कोंबड्यांच्या श्वासाची वाफ आतच कोंडली, रात्रीतून ती गोठली, तुरे काळे पडले आणि दोन कोंबड्या मेल्या. उरलेल्यांची पिसे झडली, अंडी थांबली. मैदानात दिवस एवढे आखूड होत नाहीत, म्हणून असे त्याने कधी पाहिले नव्हते. कोंबड्या वांझ झाल्या, असा निवाडा करून त्याने एकेक कापायला घेतली. पौषापर्यंत एकच उरली. मानेवर पीस नाही, शेपूट नाही, अंगावर मांस नाही. तिला ते भुंडी म्हणत. कापून काही निघणार नाही, एवढ्याच पुण्याईवर ती जगली होती.

नंदकाच्या कोंबड्याही अंडी देत नव्हत्या. पण त्याच्या खुराड्यात हातभर वाळका पालापाचोळा होता, वरच्या बाजूला वाफ जायला भोक होते, आणि रोज सकाळी तो प्रत्येकीच्या तुऱ्याला बोटभर अक्रोडाचे तेल लावी. तो भांडखोर कोंबडासुद्धा त्या वेळी डोळे मिटून उभा राही. उन्हाळ्यातली अंडी सोमेने राखेत पुरून ठेवली होती. अशी ती दोघे तो कठीण हिवाळा काढत होती.

रोज सकाळी उठून आधी पलीकडचा धूर पाहायचा, ही त्या खोऱ्यातली सवय होती. बोलणे बंद असले तरी धूर दिसला की बरे वाटे. एका सकाळी धूर दिसला नाही.

सोमा बराच वेळ दारात उभी होती. ती वाईट बाई नव्हती, पण दमलेली होती. तिने नवऱ्याला बोलून दाखवले की आपण काही त्याच्या चुलीवर पाणी ओतलेले नाही. घरातून हललो नाही, तरी फाल्गुनात झरा आपला होईल आणि बर्फ वितळवणे कायमचे सुटेल.

नंदक म्हणाला, "सोमे, कोशा बाळंत होऊन दोन महिने झाले. त्या झऱ्याचं पाणी तुला गोड लागणार असेल, तर मी बसतो."

सोमा दारातून वळली. आत जाऊन तिने ओकाचे पीठ, राजगिरा आणि तो आगीचा वाळका पाला बांधला. राखेत हात घालून अंडी काढली. सात होती. तिने सातही दिली, आणि मडक्यात निखारे घालून त्यावर राख पसरली ती तिनेच.

ओढ्यापर्यंत बर्फ कमरेइतका होता. नंदकाने मडके घोंगडीखाली पोटाशी धरले आणि तो एकेक पाऊल टाकत निघाला. ओढ्याच्या उतारावर त्याचा पाय घसरला. माणूस पडताना हात टेकतो. त्याने हात सोडले नाहीत, तो पाठीवर पडला आणि तसाच मडके छातीशी धरून खालपर्यंत घसरत गेला. पोटाला चटका बसला, त्याचा डाग पुढे जन्मभर राहिला. पण विस्तव शाबूत होता, आणि त्याच्या लेखी त्या दिवशी एवढेच महत्त्वाचे होते.

कुंडकाच्या घरी छपरावरचा बर्फ धुराड्यातून चुलीत कोसळला होता. लाकडे ओली होती. कोशा लेकीला पांघरुणात घेऊन बसली होती. पोर रडत होती, पण आवाज फार बारीक झाला होता, कारण आईला दूध येत नव्हते. कुंडक सुरीला धार लावत होता, आणि भुंडी पायाला दोरी बांधून शेजारी ठेवलेली होती.

तो मान वर न करता म्हणाला, "विस्तव मागायला मी येणार नव्हतो."

"ठाऊक होतं," नंदक म्हणाला. "म्हणून मीच आलो."

त्याने चूल पेटवली, कोशाला दोन अंडी उकडून दिली. मग त्याने भुंडीला मांडीवर घेतले आणि तिच्या मानेवर बोट फिरवले. काट्यासारखी नवी पिसे फुटत होती. कोंबडीच्या अंगात जे असते ते ती आधी पिसांना देते आणि मग अंड्यांना, हे त्याने कुंडकाला सांगितले. पिसे आली आणि दिवस मोठा होऊ लागला की ती पुन्हा घालील. कुंडकाचा विश्वास बसेना. ही आज कापली तर रस्सा तरी होईल, बाकी सगळे उद्याचे, असे त्याचे म्हणणे होते.

तेव्हा नंदकाने आणलेले सगळे त्याच्यापुढे ठेवले. "हे सगळं घे आणि ही कोंबडी मला दे."

कुंडक लगेच कबूल झाला.

"आता ही माझी झाली," नंदक म्हणाला. "पण राहील इथेच. हिला घरात घे, खाली वाळका पाला घाल, मी आणलेल्या आगीच्या पाल्यातला मूठभर उकडून दे. आणि ऊन बघत जा. आज ते दारातून चुलीपर्यंत आत येतं. मागे सरकत सरकत ते त्या उखळाशी गेलं की ही अंडं घालील. त्या अंड्यावर हक्क कोशाचा."

त्यानंतर दर चौथ्या दिवशी तो ओढा ओलांडून येऊ लागला. त्याने कुंडकाला बर्फावर डोकावणारी रानगुलाबाची फळे दाखवली, ओकाची फळे पाण्यात ठेवायला शिकवले. कुंडक शिकला, आणि मनापासून शिकला, हे सांगितले पाहिजे. चांगला शिकणारा आधी वाईट वागला होता म्हणून त्याचे शिकणे कमी होत नाही.

मग वादळ आले. नऊ दिवस घराबाहेर पाऊल टाकणे अशक्य झाले. सातव्या दिवशी कुंडकाच्या घरातले पीठ संपले. कोशाला पुन्हा दूध येईना. नवव्या दिवशी आभाळ उघडले, आणि दारातून ऊन आत आले ते उखळाच्या वीतभर पलीकडेपर्यंत. कुंडकाने सुरी हातात घेतली. भुंडी पाल्यात निवांत बसली होती. आता तिच्या मानेवर तांबूस पिसे होती.

त्याने तिला उचलले, आणि त्याच्या मनात आले की ही आपली नाही. करांदेही आपले नव्हते. काठी उपटताना त्याला काही वाटले नव्हते, पण त्या काठीचा धनी पोट भाजून घेत त्याच्या दारी आला होता. कुंडकाने सुरी छपराच्या पेंढ्यात खुपसली, कोंबडी खाली ठेवली आणि तो बायकोपासून तोंड लपवून रडला. मग कुऱ्हाड घेऊन बाहेर पडला आणि बर्फ खणून संध्याकाळी मूठभर लाल फळे घेऊन आला.

तीन दिवसांनी ऊन मागे सरकून उखळाशी आले. ओढ्यापलीकडून पीठ घेऊन नंदक पोहोचलाच होता. कोशाने पाल्यात हात घातला, तर हाताला काहीतरी गरम लागले. अंडे लहान होते आणि त्यावर रक्ताचा एक बारीक डाग होता. कुंडकाने ते दोन्ही हातांत घेतले आणि बायकोला दिले. त्यानंतर भुंडी दिवसाआड अंडे देत राहिली. कोशाला दूध आले, पोरीच्या रडण्याला जोर आला. तो आवाज ओढ्याच्या अलीकडे ऐकू आला तेव्हा सोमा हातातला हंडा ठेवून ऐकत राहिली.

फाल्गुनात बर्फ वितळल्यावर राजपुरुष आला. दोन्ही घरांचा धूर त्याने लांबूनच पाहिला होता. तरी रिवाज म्हणून त्याने विचारले की कोणाची चूल मध्ये विझली होती का.

कोणी काही सांगितले नसते तर त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. पण कुंडक पुढे झाला. "माझी विझली होती, आर्य. पौषात. कायद्याने ही जमीन नंदकाची."

राजपुरुषाने नंदकाकडे पाहिले. तो खोटे बोलणार नाही, हे सगळ्यांना माहीत होते. सोमेला तर पक्के माहीत होते.

नंदक म्हणाला, "आर्य, तीन वर्षांपूर्वी माझ्या घरात विस्तव नव्हता. माझी बायको कुंडकाच्या चुलीतला घेऊन आली. तेव्हापासून तो माझ्याकडे एकदाही विझला नाही. पौषात मी त्यातलाच त्याला परत नेऊन दिला. कुंडकाचा विस्तव तीन हिवाळे जळतो आहे. मधले काही तास तो फक्त माझ्याच घरी होता."

राजपुरुषाने दोन्ही घरांच्या धुराकडे पुन्हा एकदा पाहिले. मग त्याने अलीकडची जमीन नंदकाच्या आणि पलीकडची कुंडकाच्या नावे लिहिली. त्याच उन्हाळ्यात कुंडकाने एकट्याने पाट खणला, ओढ्यावर लाकडाची पन्हळ टाकली आणि झऱ्याचे पाणी सोमेच्या दारात आणून सोडले. दुसऱ्या वेलींच्या करांद्यांची टोकेही त्याने त्या रिकाम्या खड्ड्यांत पुरली, आणि तिथे नंदकाची काठी रोवली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, एका हिवाळ्यात विहारात सांगितली. तिथे चारुक आणि शोणक असे दोन भिक्षू होते. चारुकाजवळ दोन कांबळी होती, शोणकाजवळ एकही नव्हते. पण चारुकाचे म्हणणे असे की शोणकाचे आपल्याशी नीट बोलणे नाही, आणि त्याने मागितले तर आपण देऊ. शोणक मागत नव्हता आणि कुडकुडत होता.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची सोमा म्हणजे आज या विहाराला पाणी पुरवणारी उपासिका. तेव्हाची कोशा म्हणजे तिची लेक. नंदक मीच होतो. चारुका, कुंडक तू होतास."

चारुकाने मान खाली घातली. मग त्याने विचारले, "भगवन्, आणि ती कोंबडी?"

"शोणक," शास्ते म्हणाले. "तेव्हाही तिने तुझ्याकडे काही मागितलं नव्हतं."

त्यांनी त्या दिवशी ज्या गुणाचे नाव घेतले ते मैत्री. चारुक उठला तेव्हा ते बोलतच होते, आणि त्याने आपले एक कांबळे शोणकाच्या खांद्यावर घातले, तरी ते बोलायचे थांबले नाहीत.