फाटकाची किल्ली

बहुमताला तीन आमदार कमी पडले, तेव्हा कुठे तात्यासाहेब सरंजामेंना कष्टकरी समता पक्ष आठवला. त्याचे आमदार तीनच. पक्षाच्या नेत्या अनसूयाताई एसटीनं रिसॉर्टवर आल्या. फुटू नयेत म्हणून तात्यासाहेबांनी आपले निष्ठावंत आमदार तिथं कोंडले होते. मोबाईल काढून घेतलेले, फाटकाला कुलूप.

“तुमचा अख्खा पक्ष एका रिक्षात मावतो,” तात्यासाहेब सगळ्यांदेखत खिदळले. “मंत्रिपद कसलं मागता? मुकाट्यानं पाठिंब्याच्या पत्रावर सही करा.”

“करते की,” ताई म्हणाल्या. “फक्त उद्यापर्यंत हे फाटक उघडं ठेवा. आमचे तिघं घरून जेवून मतदानाला येतील. तुमचे किती येतात, ते बघून मंत्रिपदाचं बोलू.”

तात्यासाहेबांचा हात खिशातल्या किल्लीवर गेला आणि तिथंच राहिला.

“खातं कोणतं हवंय, ताई?” त्यांनी विचारलं.