राजाच्या गावातल्या दोन सावित्री

“फुलारणीलाही सावित्री म्हणायचं आणि मलाही सावित्रीच? मग माझी शोभा ती काय राहिली!”

पडद्याआडून राणीसाहेबांचा आवाज आला. बाहेर गजऱ्यांची परडी घेऊन उभ्या असलेल्या नव्या फुलारणीने तो ऐकला आणि मान खाली घातली. सावित्री पुराणात आहे, कीर्तनात आहे, नाटकातही आहे. फुलाऱ्याच्या घरात मात्र तिला परवानगी हवी!

राजे चंडसेन न्यायी होते, म्हणजे राणीसाहेब रुसल्या की लगेच न्याय करीत. संध्याकाळी हुकूम आलाच: ‘फुलारणीने उद्या दरबारात मेलेल्याला जिवंत करून दाखवावं. जमलं तर नाव तिचं. नाही तर नाव बदलावं, आणि राजवाड्याला फुलं द्यायचं काम दुसऱ्या घरी जाईल!’

“अगं, सावित्रीची फुलाबाई हो!” सासूबाई कळवळल्या. “नावापायी चूल विझवशील?”

सुनेने परडीतली फुलं ओवायला घेतली. लग्नात सासरचं नाव ठेवायची वेळ आली, तेव्हा ताटातल्या तांदळात नवऱ्याने अंगठीने तिचं माहेरचंच नाव काढलं होतं. माहेरून आणलेल्या सगळ्या वस्तूंत तेवढ्या एका नावालाच कुणी नाक मुरडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दरबार खच्चून भरला; सिंहासनाशेजारी राणीसाहेबही येऊन बसल्या. फुकटचा तमाशा कोण सोडतो! चांदीच्या तबकात एक मेलेला पोपट आणून ठेवला.

“उठव याला!” राजा म्हणाला.

“पोपट कसा चालेल, महाराज?” फुलारीण हळूच म्हणाली. “सावित्रीने नवरा परत आणला होता.”

“असं? मग तुझा नवरा मरायला तयार आहे का?”

दाराशी उभा असलेला येसू फुलारी पांढराफटक पडला.

“आहेत ना!” ती म्हणाली. येसूने खांब धरला. “पण एक अडचण आहे. वटपौर्णिमेला वडाला पहिलं सूत राणीसाहेबांचं. त्यांच्याआधी गावातली एकही बाई वडाला हात लावत नाही. मग आज त्यांच्याआधी मी नवरा परत आणला, तर केवढा अपमान! पहिला मान त्यांचाच. त्याही सावित्रीच आहेत.”

“म्हणजे?”

“म्हणजे आधी महाराजांनी मरायचं.”

राजा सिंहासनात मागे सरकला.

“घाबरायचं कशाला?” ती समजुतीने म्हणाली. “राणीसाहेब आणतीलच परत. महाराज सिंहासनावर येऊन बसले, की लगेच आमचे हे मरतील.”

राजाने राणीकडे पाहिलं. “आणशील ना?”

राणीसाहेबांनी बांगड्या सारख्या केल्या. “प्रयत्न करीन.”

“प्रयत्न!” राजा ओरडला, आणि मग त्याला असं हसू फुटलं की मुकुट कानावर आला. “नको गं बाई! नांदू देत दोन्ही सावित्री! प्रधानजी, हिला सोन्याच्या पाटल्या द्या आणि तळ्याकाठची बाग हिच्या नावे करा. सावित्रीच्याच नावे!”

येसूने खांब सोडला. राजा डोळे पुसत म्हणाला, “पण खरं सांग, या बिचाऱ्याला मरू दिलं असतंस?”

फुलारणीने पदर सावरला, एकवार राणीसाहेबांकडे पाहिलं आणि भर दरबारात स्वच्छ आवाजात म्हणाली,

“महाराज, तुमच्यानंतर आमच्या ह्यांची पाळी येईल, असं मला क्षणभरही वाटलं नव्हतं!”