जास्तीचे दगड

"...पण मग ठेवतंय कोण, बाबा?"

ओजसचा आवाज चढला होता. फकिराच्या तकियात आवाज चढवून बोलू नये. पण साहेबाला सांगणार कोण?

तकियाचे फकीर मदारबाबा सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

बाजारामागची वस्ती उठवून ओढ्याकाठच्या रानात बसवायची होती. आखणी ओजसकडे. लोकांना विचारल्याशिवाय मी रेघ मारत नाही, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. तकियाच्या अंगणात त्याने चुन्याने नव्या जागेचा नकाशा काढला. प्रत्येक घराने आपल्या हाताने दगड ठेवायचा. जिथे दगड, तिथे घर. लोकांनी मुकाट ठेवले. उद्या मोठे साहेब येऊन मंजुरी देणार आणि वस्ती हलणार.

आणि कालपासून नकाशावर जास्तीचे दगड येत होते. सगळे ओढ्याच्या अंगाला, लोकांच्या दगडांना खेटून.

"उचलून फेकतो, पाठ वळली की परत हजर! आज सकाळपासून इथेच ठाण मांडून बसलोय. चिटपाखरू फिरकलं नाही. ही चेष्टा थांबवा, बाबा. लोक तुमचं ऐकतात."

"एक उचल बघू."

ओजसने उचलला आणि चटका बसल्यासारखा टाकला.

"काय झालं?"

"ओला आहे..."

वैशाखाचं ऊन. ओढा कोरडा ठणठणीत. अंगणात पाण्याचा थेंब नव्हता.

बाबांनी अडकित्ता खाली ठेवला.

"त्या ओढ्याकाठी एक आळी होती. तुझ्यासारख्याच एका भल्या साहेबानं बसवलेली. मी लहान होतो. एका पावसात ओढा आला... सकाळी आळी नव्हती."

ओजसच्या अंगावर सरसरून काटा आला. आणि मग रागही आला.

"मग बोलला का नाहीत? मी विचारलं होतं! भर सभेत, माईकवरून. कुणाची हरकत आहे का? एक हात वर झाला नाही!"

"माझाबी नाही झाला."

"तुम्ही तरी बोलायचं, बाबा!"

"आधी तू माझ्या पाया पडलास. शाल घातलीस, नारळ दिलास. आयाबायांना पेढे वाटलेस. मग विचारलंस." बाबा कसनुसं हसले. "अंगावर शाल असताना नाही कसं म्हणायचं रे, बाळा?"



ओजस अंगणाकडे वळला. मघाशी जागा मोकळी होती तिथेही आता दगड होते. तो घाबरला होता, पण सवय जाईना. हलक्या आवाजात त्याने त्या दगडांना विचारलं,

"तुमची... काही हरकत आहे का?"

दगडांखालची माती काळी पडत गेली. ओल सरकत आली, चुन्याच्या रेघेला भिडली, आणि रेघ विरघळली. एक गल्ली गेली. मग दुसरी.

ओजसने धावत जाऊन चुन्याची पाटी उचलली. रेघ पुन्हा ओढायला तो वाकला.

"राहू दे," बाबा म्हणाले.

"उद्या साहेबांना काय दाखवू मग?"

"हेच दाखव. आम्हाला तुझी भीड पडली, बाळा. ह्यांना कुणाची पडणार?"