आगोरातला ठसा

एकदा एका नदीकाठच्या माणसाला वाळवंटात पाणपक्षी पाहायला पाठवण्यात आले. ऐकणाऱ्याने हसावे अशीच ती गोष्ट होती, आणि वाटेत भेटलेला प्रत्येक जण हसलाही. पण पाठवणारे त्याचे गुरुजी होते. त्यांनी गोदावरीच्या काठी बसून आयुष्यभर पाखरे पाहिली होती. नदीला पूर आला की त्यांतली कितीतरी दिसेनाशी होत. ती जातात कुठे, हे कोडे काही त्यांना सुटले नव्हते. मरुभूमीत जातात, असे कुणा वाटसरूने सांगितले, तोवर गुरुजींनी ऐंशी ओलांडली होती आणि त्यांची दृष्टीही गेली होती. "तू बघून ये आणि मला सांग," एवढेच ते शिष्याला म्हणाले.

मरुभूमीत एक वृद्ध तळे राखून होता. शिष्य त्याच्याकडे जाऊन राहिला. तळे कसले, भेगा पडलेला एक खड्डा होता. आषाढ लागला होता आणि आकाश घासलेल्या परातीसारखे लख्ख होते. पक्षी कुठे बसतात, असे शिष्याने विचारताच वृद्ध म्हणाला, "तळं मागाहून बघ, नदीवाल्या. आधी आगोर बघ." शिष्याने ऐकले 'आगर'. मराठी माणसाला आगर म्हटले की नारळी-पोफळीच डोळ्यांपुढे येणार. तो बिचारा सावलीच्या आशेने मागोमाग गेला, तर पुढे तळ्याकडे उतरत गेलेली उघडीबोडकी जमीन. चहूबाजूंनी पांढरे दगड मांडलेले. पावसाचे पाणी जिथून वाहत तळ्यात येते, त्या जमिनीला तिथे आगोर म्हणतात, हे त्याला तेव्हा कळले.

त्या दगडांपाशी वृद्धाने जोडे काढले आणि तापलेल्या भुईवर अनवाणी जाऊन तो खराट्याने काटक्या, लेंड्या लोटू लागला. आत देव नाही, देऊळ नाही. शिष्यानेही जोडे काढले, पण मनातून तो हिरमुसला. पाखरे पाहायला आलो आणि वाट्याला खराटा आला, असे त्याला झाले. आषाढ सरला, श्रावणही अर्धा सरला. तळवे पोळून निघाले. पाऊस मात्र आला नाही.

अशात एका व्यापाऱ्याचा उंटांचा तांडा तिथे आला. वृद्धाने तो दगडांपाशी अडवला आणि चाळीस उंटांना अर्ध्या कोसाचा वळसा घालायला लावला. व्यापारी जाणता माणूस होता, वाद न घालता वळला. पण रात्रीचा मुक्काम करून पहाटे निघताना शिष्याला त्याने हळूच विचारले, की या म्हाताऱ्यापाशी अजून किती दिवस माती झाडणार? आमच्याबरोबर चल, दिवाळीपर्यंत दुसरा तांडा नाही. शिष्याला गुरुजी आठवले. दिवाळीपर्यंत ते असतील की नाही, कोण जाणे. रिकाम्या हाताने का होईना, परत गेलेले बरे, असे त्याने ठरवले.

वृद्धाने त्याला अडवले नाही. त्याने भाकरी बांधून दिली. त्याचेच शिष्याला अधिक लागले. तांडा वळशाने निघाला होता. तो गाठायला शिष्य रागारागाने सरळ आगोरातूनच निघाला, नाल ठोकलेल्या जोड्यांनिशी. मधोमध पोहोचला तोच पश्चिमेकडून वारा आला, आभाळ काळवंडले आणि टपोऱ्या थेंबांची झोड उठली.

झाडलेल्या भुईवरून पाणी झरझर तळ्याकडे धावू लागले. शिष्याने मागे पाहिले. त्याच्या जोड्यांच्या टाचांनी जमिनीचा पापुद्रा फोडला होता आणि प्रत्येक ठशात पाणी अडून बसले होते. भर पावसात वृद्ध गुडघ्यांवर बसून ते ठसे एकेक करून तळहाताने बुजवत होता. शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. जोडे काढून काखेत मारून तोही शेजारी बसला आणि माती सारखी करू लागला.

ठसा बुजवता बुजवता वृद्ध म्हणाला, "पाऊस माझ्या बोलावण्यानं येत नाही. पाखरं तर नाहीतच. मी इतकंच करतो, पाणी यायला निघालं तर त्याच्या वाटेत माझा पाय नसावा. चार वर्षं पाणी आलं नाही, तरी रोज झाडलं. कुठल्या दिवशी येईल हे मला कुठं ठाऊक?"

उजाडले तेव्हा तळे काठोकाठ भरले होते. आणि त्यावर टिबुकल्या! बुडी मारायच्या, भलतीकडेच वर यायच्या. लाल काठ्यांसारख्या पायांचे शेकाटे उथळ पाण्यात हिंडत होते. चोचीवर पिवळा-तांबडा ठिपका मिरवणारी हळदी-कुंकू बदके त्याच्या गावचीच. ती पाहून माहेरचे माणूस भेटावे तसा त्याचा ऊर भरून आला. एवढी सगळी एका रात्रीत आली कुठून, हे वृद्धालाही ठाऊक नव्हते, आणि तसे सांगताना तो आनंदाने हसत होता.

ओल्या चिकणमातीत उंटांचे पाय घसरतात. त्यामुळे तांडा चार दिवस तिथेच अडकला आणि शिष्याला चार दिवस पाखरे पाहायला मिळाली. व्यापारीही येऊन बसे, दगडांपाशी जोडे काढून.

निघायच्या दिवशी शिष्याला आगोरात आपला एक ठसा राहून गेलेला दिसला. तो बुजवायला धावणार, तेवढ्यात वृद्धाने त्याचा हात धरला. ठशातल्या ओंजळभर पाण्यात एक इवलासा तुतवार पक्षी शेपूट हलवत मनसोक्त अंघोळ करत होता.

"त्याचं होऊ दे," वृद्ध म्हणाला. "मग बुजव."

दोघेही उभे राहिले. तुतवाराला घाई नव्हती.

घरी पोहोचून शिष्याने गुरुजींना सारे सांगितले. शेकाटे, टिबुकल्या, गावची बदके, आणि आपली चूकही. गुरुजींनी डोळे मिटून ऐकले. त्यांचे आयुष्यभराचे कोडे सुटले होते. पण जरा पुढे सरकून त्यांनी विचारले, "तुझ्या ठशात कोण न्हालं म्हणालास? ते पुन्हा सांग."